साध्या दवाखान्यात मनाचे उपचार : सुरुवात नेमकी कुठून करायची?

सकाळपाळी

साध्या, सर्वसाधारण दवाखान्यात डॉक्टर म्हणून अठरा वर्षं झाली. ताप, खोकला, शुगर, बीपी, लहान मुलांच्या लशी, जखमेचं ड्रेसिंग. हा धागा काढायचं कारण मागच्या महिन्यातल्या एक पेशंट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पंचेचाळिशीच्या बाई. दोन वर्षांपासून डोकं दुखतं. हातात जाडजूड फाइल. डोळ्यांची तपासणी, सायनसचा एक्सरे, डोक्याचा स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, सगळं नॉर्मल. माझ्याकडे ही चौथी खेप. आधीच्या तीन खेपांना मी तीन वेगवेगळ्या दुखणं कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या दिवशी बाहेर गर्दी कमी होती, म्हणून विचारलं, "झोप कशी लागते?" त्या काही बोलल्या नाहीत. फाइलमधले कागद बाहेर काढले, टेबलावर उभे आपटून कडा सारख्या केल्या, आत ठेवले. मग पुन्हा काढले, पुन्हा कडा सारख्या केल्या. आणि खाली बघतच म्हणाल्या, "तीनला जाग येते. मग उजाडूच नये असं वाटत राहतं."

चौथ्या खेपेला. तेही गर्दी कमी होती म्हणून.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आम्ही दोन डॉक्टर, दोन सिस्टर, एक जण केसपेपर काढायला. मानसोपचारतज्ज्ञ आमच्याकडे नाहीत, चिठ्ठी देऊन पाठवलं तर बरेच पेशंट जातच नाहीत. नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची ती पीएचक्यू-९ प्रश्नावली मी छापून आणली आहे. सोमवारपासून प्रत्येकाला भरायला द्यावी का? की आधी आणखी काही हवं? ज्यांनी हे काम केलं आहे, किंवा टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

निशिगंध

मी टेबलाच्या पलीकडची. बारा वर्षं डायबेटिस. दर तीन महिन्यांनी दवाखाना. पाय बघतात, डोळे तपासायला पाठवतात, लघवीतलं प्रोटीन बघतात, सगळं नीट करतात. मधली दोन वर्षं मला अंघोळीला उठायचंही जड व्हायचं. गोळ्या समोर असायच्या, घेतल्या जायच्या नाहीत. शुगर वाढली. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या वेळी आणखी वाढवला. मी घेतच नव्हते, त्या गोळ्यांचा डोस वाढत होता.

"गोळ्या घेता ना?" असं विचारलं की माणूस "हो" म्हणतो. "किती वेळा राहून जातात?" असं कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मला वाटतं.

स्पष्टबोल

मीही डॉक्टर आहे, आणि माझं मत वेगळं आहे. एका पेशंटमागे मला पाच-सहा मिनिटं मिळतात. त्यात झोप, भूक, मन, घर सगळं विचारायचं कधी? विचारलं आणि समोरचं माणूस रडायला लागलं तर पुढे काय करायचं? बाहेर तीस जण बसलेले असतात.

दुसरं, ज्याची नोकरी गेली आहे, डोक्यावर कर्ज आहे, त्याला उदास वाटणारच. त्याला आजाराचं नाव देऊन गोळी लावायची का? प्रश्नावलीचे मार्क जास्त आले म्हणजे आजार झाला असं नव्हे. आपण ज्या रुग्णांना अजून बीपीची गोळी नीट समजावून सांगू शकत नाही, त्यांच्या दुःखात हात घालायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

आकडेमोड

सकाळपाळी, तुमच्या त्या बाई अपवाद नाहीत. १९९९ साली १४ देशांतल्या साध्या दवाखान्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या निकषांत बसणारे १,१४६ रुग्ण त्यात होते. त्यातल्या ६९ टक्क्यांनी दवाखान्यात येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रार सांगितली होती. डोकं, पाठ, पोट, थकवा, छातीत धडधड. म्हणजे मनाचा आजार साध्या दवाखान्यात आणावा लागत नाही, तो आधीपासून रांगेत बसलेला असतो. फक्त दुसऱ्या नावाने.

साध्या दवाखान्यातच मनाचे उपचार करायची कल्पनाही जुनी आहे. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेचा पाया घातला गेला. पुढे २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुटुंबवैद्यांच्या जागतिक संघटनेबरोबर याच विषयावर अहवाल काढला, त्याच वर्षी मानसिक आरोग्यसेवेतली तूट भरून काढायचा 'एमएचगॅप' हा कार्यक्रम सुरू केला, आणि २०१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्सनी कसं तपासायचं, काय द्यायचं, कधी पाठवायचं याची मार्गदर्शिका आणली. २०१६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली.

प्रश्नावलीबद्दल मात्र सावध राहा. सगळ्यांना भरायला देणं हे सर्वांत सोपं काम आहे आणि नुसतं तेवढंच केलं तर पेशंटच्या हाती फारसं काही पडत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २००२ मध्ये शिफारस केली तेव्हाही अट घातली होती, की निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय जिथे असेल तिथेच चाळणी लावा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या अटीत आहे.

मनोमन

मी मानसोपचारतज्ज्ञ. गेली काही वर्षं तीन साध्या दवाखान्यांबरोबर काम करतो आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी आमची चूक सांगतो. सुरुवातीला मी आठवड्यातून एक दिवस दवाखान्यात जाऊन बसायचो. वेगळी खोली, दारावर पाटी. पाटी वाचून लोक आत यायचे नाहीत. जे यायचे त्यांतले बरेच दुसऱ्यांदा यायचे नाहीत, आणि ते आले नाहीत हे मला कळायचंही नाही. खोली एकाच इमारतीत होती, काम दोन ठिकाणी चाललेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाटायचं की पेशंट माझ्याकडे आहे. मला वाटायचं की त्यांच्याकडे आहे. पेशंट घरी होता.

जे चालतं ते वेगळं आहे. २००२ मध्ये अमेरिकेत १८ दवाखान्यांतल्या साठीच्या पुढच्या १,८०१ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांसाठी दवाखान्यात एक नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ नेमली, जिचं काम म्हणजे या रुग्णांच्या मागे राहणं. फोन करायचा, गोळी चालू आहे का विचारायचं, प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची, छोट्या छोट्या अडचणी सोडवायला बसायचं. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेकांना प्रत्यक्ष भेटत नसे. तो त्या नर्सबरोबर यादी घेऊन बसायचा आणि जे सुधारत नाहीत त्यांच्याबद्दल डॉक्टरांना सल्ला द्यायचा. वर्षाने पाहिलं तर लक्षणं निम्म्यावर आलेल्यांचं प्रमाण या गटात ४५ टक्के होतं आणि नेहमीच्या उपचारांत १९ टक्के. नंतर अशा पद्धतीच्या ७९ चाचण्या एकत्र करून २०१२ मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली.

आता मी आठवड्यातून एकदा तासभर फोनवर असतो. समोर यादी. "हे आठ आठवडे झाले तरी प्रश्नावलीत चौदा मार्कांवरच आहेत." "या गोळी सोडून बसल्या, मळमळ व्हायची म्हणतात." त्या एका तासात पंधरा-वीस जणांचं बघून होतं. खोलीत बसून दिवसभरात तेवढे व्हायचे नाहीत.

गोळ्यांबद्दल, कारण दवाखान्यात इथेच सर्वांत जास्त गडबड होते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. मळमळ, डोकं जड, कधी उलट बेचैनी. म्हणजे माणसाला पहिल्या दहा दिवसांत फक्त तोटाच दिसतो. हे आधी सांगितलं नाही तर तो गोळी सोडणार, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून पहिला फोन आठवड्याच्या आत. पंचविशीच्या आतला पेशंट असेल तर आणखी लवकर, कारण सुरुवातीच्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार वाढत नाहीत ना हे बघावं लागतं. आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते. "बरं वाटलं म्हणून बंद केली" हे वाक्य मी रोज ऐकतो.

गोळी लिहायच्या आधी एक प्रश्न चुकवू नका. "कधी असे दिवस होते का, की दोन-तीन तास झोप पुरायची, तरी अंगात जोर असायचा, विचार धावायचे, खर्च किंवा बोलणं हाताबाहेर जायचं?" उत्तर हो असेल तर तो बायपोलर, म्हणजे मन दोन टोकांना जाण्याचा आजार असू शकतो; नुसती नैराश्याची गोळी देऊ नका, आम्हाला विचारा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघा. दारूचं विचारा. आणि झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. झोप न येणाऱ्या माणसाला ती पटकन हातात देता येते म्हणून तीच दिली जाते, नैराश्य तसंच राहतं आणि वर गोळीची सवय लागते.

सिस्टर_२२

मनोमन सरांनी ज्या नर्सचं लिहिलं आहे ते काम मी करते. मुळात मी बीपी-शुगरची सिस्टर.

सकाळपाळी ताई, विचारायची जागा डॉक्टरांची खोलीच असली पाहिजे असं नाही. बीपी मोजताना पेशंटला बोलू नका म्हणून सांगतो, कारण बोलल्यावर आकडा वाढतो. दंडाला पट्टा, तो फुगतो, हळूहळू हवा जाते, दोघंही गप्प. मी आकड्याकडे बघत असते, ते समोरच्या भिंतीकडे. मग मी पट्टा सोडते, त्याचा तो टर्रकन आवाज होतो, आणि त्या क्षणी लोक बोलतात. "सिस्टर, एक सांगू का?" हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. आधी मी पुढच्याचं नाव पुकारायचे. आता पट्टा गुंडाळायला जरा वेळ लावते. दोनच प्रश्न विचारते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश असं किती दिवस वाटलं? दोन्ही मिळून सहापैकी तीन किंवा जास्त मार्क आले तरच पूर्ण नऊ प्रश्न. त्यात सत्तावीसपैकी दहा किंवा वर आले तर डॉक्टरांच्या हातात कागद देताना मी वर पेन्सिलने खूण करते, म्हणजे त्यांना आत गेल्या गेल्या कळतं.

नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटण्याचा. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बाकी बेरीज कितीही कमी असो, त्या माणसाला त्या दिवशी तसंच घरी पाठवत नाही.

सगळ्यांना भरायला देऊ नका. आम्ही दिलं होतं. पहिल्या आठवड्यात कागदांचा गठ्ठा झाला, कोण बघणार? एका आजोबांचे एकवीस मार्क होते, तो कागद तीन दिवस ट्रेमध्ये पडून होता. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. ते बरे आहेत. त्यानंतर आम्ही ठरवलं, जेवढ्यांच्या मागे राहता येईल तेवढ्यांनाच विचारायचं. आधी शुगर-बीपीवाले आणि बाळंतिणी. मग पुन्हा पुन्हा येणारे आणि रिपोर्ट नॉर्मल असणारे.

लेक

माझ्या वडिलांबद्दल लिहितो. कोणत्या दवाखान्यात ते महत्त्वाचं नाही.

वडील निवृत्त झाले आणि वर्षभरात मिटत गेले. त्या वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत ते पाच वेळा दवाखान्यात गेले. पोट साफ होत नाही, वजन कमी झालंय, पाठ दुखते. पाचही कागद माझ्याकडे आहेत. पाचव्या कागदावर लिहिलंय, "काळजीचं कारण नाही." त्यानंतर नवव्या दिवशी त्यांनी आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. आई वेळेवर घरी आली म्हणून ते आज आहेत.

नंतर मी त्यांना विचारलं, बाबा, डॉक्टरांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं का? म्हणाले, "मी तेवढ्यासाठीच जात होतो रे. पण सुरुवात कशी करायची ते कळत नव्हतं."

स्पष्टबोल सर, तुम्हाला दोष देत नाही. पाच मिनिटांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण असा प्रश्न विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं भरेल या भीतीने कुणी गप्प राहत असेल, तर कृपया राहू नका.

मनोमन

लेक, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बाबांना नमस्कार सांगा.

विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही भीती खोटी आहे, संशोधनात ती टिकलेली नाही. आणि आत्महत्या केलेल्यांच्या शेवटच्या महिन्याबद्दलच्या अभ्यासांचा २००२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा साधारण ४५ टक्के लोक त्या महिन्यात साध्या डॉक्टरकडे जाऊन आले होते असं दिसलं. मानसोपचारवाल्यांकडे गेलेले त्याच्या निम्म्याहून कमी होते. म्हणजे गाठ पडते ती तुमच्याशीच.

विचारायचं कसं? मी पायऱ्यांनी जातो. "एवढा त्रास होतो तेव्हा जगणं नकोसं वाटतं का कधी?" हो म्हटलं तर, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" पुन्हा हो, तर, "काही ठरवलं आहे का? साधन हाताशी आहे का?" आवाज तोच, ज्या आवाजात छातीत दुखतं का विचारतो. ठरवलेलं असेल तर त्या दिवशी माणूस एकटा राहणार नाही, साधन घरातून दूर होईल, घरचं एक माणूस विश्वासात घेतलं जाईल आणि तज्ज्ञाशी बोलणं त्याच दिवशी होईल. तसंच भास होत असतील, कुणी मागे लागलंय अशी पक्की खात्री असेल, किंवा बाळंतपणानंतर काही दिवसांतच बाई एकदम वेगळंच वागू-बोलू लागली असेल, तर तेही आमच्याकडे लगेच पाठवा, थांबू नका.

स्पष्टबोल

लेक, वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याही फाइलींत असे कागद असतील.

वेळेचा मुद्दा सिस्टर_२२ यांच्या प्रतिसादाने बराच सुटतो, हे मान्य. पण दुःखाला गोळी लावायचा मुद्दा अजून शिल्लक आहे. कर्ज गोळीने फिटत नाही.

आकडेमोड

तो मुद्दा रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गोळीशिवायच्या उपचारांत आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि त्यावर वस्तीतल्या आज्या बसवल्या. सुरुवातीला १४ जणी. आजाराला शब्दही लोकांचाच घेतला, शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. आजी काय करते? आधी सगळं बोलू देते, त्या पायरीचं नाव 'मन उघडणं' असंच आहे. मग डोक्यावरच्या दहा प्रश्नांतला एकच निवडायला सांगते, आणि त्यावर या आठवड्यात करता येईल अशी एक गोष्ट ठरवायला लावते. पुढच्या वेळी विचारते, झाली का? २०१६ मध्ये २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

म्हणजे कर्जाचा प्रश्न बाजूला सारला जात नाही, तोच हातात घेतला जातो. सौम्य आणि मध्यम नैराश्यात अशा बोलण्याच्या उपचारांनी सुरुवात करणं हीच चांगली रीत आहे. तीव्र असेल तर गोळी हवीच.

रावळपिंडीजवळच्या खेड्यांत २००८ चं काम तसंच. गरोदरपणात नैराश्य असलेल्या बायकांना, तशाही घरी येणाऱ्या आरोग्यसेविकांनी थोडं प्रशिक्षण घेऊन आधार दिला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के आयांना नैराश्य उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्क्यांना.

आणि सगळीकडे गुण येतोच असंही नाही, हेही सांगायला हवं. गोव्यात २४ दवाखान्यांत समुपदेशक बसवून मोठी चाचणी झाली, २०१० मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत फायदा दिसला. खासगी डॉक्टरांकडे फरक दिसला नाही.

काठावर

विषयाला एक उलटी बाजू आहे, तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. मनाचे उपचार उत्तम चालू आहेत. पण तिला दम लागायला लागला तेव्हा साध्या दवाखान्यात फाइल उघडली, पहिल्या पानावरचं आजाराचं नाव वाचलं आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलं. तिला न्यूमोनिया होता. तिसऱ्या दवाखान्यात छातीला स्टेथोस्कोप लागला.

ती जी गोळी घेते तिच्याने वजन आणि शुगर वाढते. सहा वर्षांत तिची शुगर दोनदा तपासली गेली, दोन्ही वेळा मी हट्ट धरला म्हणून. मनोविकाराचे डॉक्टर म्हणतात शुगर साध्या डॉक्टरांकडे बघा, साधे डॉक्टर म्हणतात ही तर मनाची पेशंट. गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात असं वाचलं, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक, टाळता येण्यासारख्या आजारांचे. सकाळपाळी, तुमच्या यादीत माझ्या बहिणीसारख्यांनाही जागा ठेवाल का? मनासाठी नको. बीपी, शुगर, वजन, छाती, एवढ्यासाठी.

मनोमन

काठावर, अगदी खरं. आमच्या क्षेत्राचाही यात दोष आहे. डॉक्टर मंडळींसाठी एक पुस्ती जोडतो. पेशंट लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरायच्या औषधावर असेल तर सांधे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सहज लिहून देऊ नका. रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तरी वाढतं. हात थरथरतात, तोल जातो, बोलणं जड होतं, आणि साध्या दवाखान्यात त्याला अशक्तपणा समजलं जातं.

निशिगंध

एक शंका. फोन करायचा म्हणताय ते चांगलं आहे. पण माझ्या घरी फोन कोण उचलेल याचा नेम नसायचा. "दवाखान्यातून बोलतेय, मनाच्या गोळ्या चालू आहेत ना?" असं सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर मी दवाखान्याची पायरी परत चढले नसते. आणि केसपेपर रांगेतून हातोहात पुढे जातो, त्यावर काय लिहिणार?

सिस्टर_२२

ताई, बरोबर आहे. आम्ही फोनवर फक्त "बीपीच्या तपासणीची आठवण" एवढंच बोलतो, पेशंट स्वतः बोलायला आला की पुढचं. आणि पहिल्याच दिवशी विचारून ठेवतो की फोन कुणाच्या हातात असतो, किती वाजता मोकळ्या असता. केसपेपरवर आजार लिहीत नाही, फक्त वहीतला नंबर. वही कुलपात.

वहीचंच खरं महत्त्व आहे. आमचा सगळा कार्यक्रम म्हणजे ती दोनशे पानी वही. जे येतात ते दिसतातच. जे येत नाहीत ते फक्त वहीत दिसतात. दर शुक्रवारी दुपारी मी पान उघडते आणि ज्याच्यापुढे या आठवड्याची तारीख आहे पण मार्क लिहिलेले नाहीत, त्यांच्याभोवती लाल गोल करते. मग त्या गोलांना फोन. एकदा सुट्टीवर गेले होते, तेव्हा दोन शुक्रवार राहिले. परत आले तर अकरा गोल. त्यातल्या चौघांनी गोळी सोडली होती. म्हणून आता माझ्या जागी कोण हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

सकाळपाळी

सगळ्यांचे प्रतिसाद दोन्ही सिस्टरना वाचून दाखवले. लेक यांचा वाचताना मधेच थांबावं लागलं.

सोमवारी प्रश्नावली सगळ्यांना द्यायची नाही, हे नक्की झालं. पहिले तीन महिने फक्त शुगर-बीपीवाले आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही तिसऱ्यांदा आलेले. आधी दोन प्रश्न, मग नऊ. तीस नावांपर्यंतच जायचं, त्यापुढे आम्हाला मागे राहता येणार नाही. एका मानसोपचारतज्ज्ञांशी बोलले, बुधवारी दुपारी अर्धा तास फोनवर यादी ऐकायला तयार आहेत. काठावर, तुमच्या बहिणीसारख्यांसाठी वेगळं पान केलं आहे, त्यावर वजन, कंबर, बीपी, शुगर एवढंच.

वही आणली. आमच्या धाकट्या सिस्टरने काल पट्टीने रकाने आखले. नंबर, पहिले मार्क, आजचे मार्क, गोळी की बोलणं, पुढची तारीख. त्या डोकेदुखीच्या बाई मंगळवारी यायच्या आहेत, त्यांचं नाव पहिलं.

निशिगंध

एक रकाना राहिला, ताई. 'फोन किती वाजता केलेला चालेल'.

सकाळपाळी

आखला.